भीमबेटका आणि वायुगळती : दोन वाद

शास्त्रज्ञांचे आपसांत पटत नाही असे कळले की आपण बिचकतो. 'त्यांचेच ठरत नाही, तर आपण काय मानायचे?' असे म्हणून मोकळे होतो. परंतु मतभेद केव्हा फळतो आणि केव्हा कुजतो, हे पाहायला भोपाळकरांना दूर जायला नको.

भीमबेटका तर आपल्या घरचेच. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली तेथील चित्रे जगापुढे आणली. त्याच ठिकाणी, ऑडिटोरियम गुहेच्या खडकावर, डिकिन्सोनिया या आदिम जीवाचा जीवाश्म सापडल्याचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जाहीर केले. ते खरे असते, तर तो विंध्य खडक सुमारे ५५ कोटी वर्षांचा ठरला असता. जोसेफ मीर्ट त्याला सुमारे १०० कोटी वर्षांचा मानत होते. मीर्ट आणि सहकारी स्वतः गुहेत गेले. तो 'जीवाश्म' खडकावरून सुटू लागला होता. ते मधमाश्यांचे जुने पोळे निघाले! २०२३ मध्ये हे त्याच नियतकालिकात छापून आले आणि रिटॅलॅक यांनी ते मान्य केले.

आता १९८४ आठवा. २-३ डिसेंबरच्या त्या रात्रीनंतर गांधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात सायनाइडच्या विषबाधेची चिन्हे दिसली. सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने द्यावीत, असे त्यांचे मत होते. इतर वरिष्ठ डॉक्टरांना ते पटले नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९८५ च्या आरंभी रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेतली आणि या औषधाची शिफारस केली. तरी ते सर्व रुग्णांपर्यंत पोचले नाही. टाकीतून नेमके काय काय बाहेर पडले, याची पूर्ण माहिती डॉक्टरांना कधी मिळाली नाही. आणि उत्तरावर कंपनीची जबाबदारी व नुकसानभरपाई अवलंबून होती. वाद लांबला, रुग्ण खोकत राहिले.

पहिल्या वादात खडक दोघांनाही पाहायला खुला होता, आणि उत्तराला दोन वर्षे लागली तरी कुणाचे बिघडत नव्हते. दुसऱ्यात पुरावा अर्धा झाकलेला, आणि वेळ तर रुग्णांच्या हाती नव्हताच. म्हणून दोन तज्ज्ञ भांडताना दिसले, तर मोठा कोण हे विचारू नका. दोघांना एकच पुरावा तपासता येतो का, आणि तोवर थांबण्याची किंमत कोण मोजतो, एवढे अवश्य विचारा.