कागदपत्राची प्रत देण्यापूर्वी तिच्यावर उद्देश लिहा

पेन्शन, शिष्यवृत्ती किंवा घरकुलाचा अर्ज भरताना आधार, पॅन व बँक पासबुकाच्या प्रती केंद्रचालकाला द्याव्या लागतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाव्या लागतात. अशी प्रत चुकीच्या हाती पडल्यास तुमच्या नावावर सिमकार्ड किंवा कर्ज घेतले जाऊ शकते. प्रतीवर उद्देश लिहिलेला असेल, तर ती दुसऱ्या कामासाठी वापरणे कठीण जाते. डिजिटल प्रतीवरील अशा मजकुराला ‘वॉटरमार्क’ म्हणतात.

काय लिहावे?
कामाचे नाव व तारीख. उदा. ‘केवळ वृद्धापकाळ पेन्शन अर्जासाठी, दि. १०/०६/२०२५’.

मोबाइलवर कसे लिहावे?
१. कागदपत्राचा फोटो गॅलरीत उघडा.
२. ‘एडिट’मध्ये जाऊन ‘टेक्स्ट’ हा पर्याय निवडा. काही फोनमध्ये तो ‘मार्कअप’मध्ये असतो.
३. मजकूर मधोमध, तिरका लिहा. कोपऱ्यातला मजकूर सहज कापून टाकता येतो.
४. नाव, फोटो, क्रमांक व क्यूआर कोड झाकले जाणार नाहीत, हे पाहा.
५. नवी प्रत म्हणून सेव्ह करा. मूळ फोटो तसाच ठेवा.

झेरॉक्सवर हाच मजकूर पेनने लिहून सही करा. मूळ कागदपत्रावर काहीही लिहू नका.

पोर्टलवर अपलोड करताना
अधिकृत पोर्टलवर स्वच्छ प्रत मागितली असेल, तर वॉटरमार्क नसलेली प्रतच अपलोड करा. अन्यथा अर्ज त्रुटीत निघू शकतो. केंद्रातील संगणकावरून अर्ज भरल्यास निघण्यापूर्वी तुमच्या फाइल्स ‘डाउनलोड्स’ व ‘रिसायकल बिन’मधून काढून टाका आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब लॉग आउट करा.

पूर्ण आधार क्रमांक आवश्यक नसल्यास
‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. ते ‘माय आधार’ पोर्टलवरून डाउनलोड करता येते. फाइलचा पासवर्ड म्हणजे आधारवरील इंग्रजी नावाची पहिली ४ कॅपिटल अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष.

लक्षात ठेवा
वॉटरमार्क असला तरी ओटीपी कोणालाही सांगू नका. तुमच्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत, हे ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासता येते. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर कळवा. आधारविषयक मदतीसाठी १९४७ वर संपर्क साधा.