काळ्या पाषाणाच्या काठावर

ग्रीसचा धडा मी ठासून शिकवीत असे: डोंगरांनी माणसे तोडली, समुद्राने जोडली. एकदा एक पोरगा म्हणाला, “गुरुजी, मग आपल्या नागपूरच्या भूमीने काय केले?” मी गप्प! रविवारी काटोल रस्त्याने जुनापाणी गाठले.

तेथे माळावर सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनस्थळे. रिव्हेट-कार्नॅक या साहेबाने १८७९ साली त्यांवर लिहिले. पण ती येथेच का? वाचकहो, दख्खनचा काळा पाषाण नागपूरपाशी संपतो आणि पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन, खनिजांचे खडक लागतात. काळ्या पाषाणाने वर्तुळांना धोंडे दिले, मण्यांना अकीक दिला. लोखंडही फार दूर नव्हते. पेंचकाठच्या नैकुंडला १९७८–८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच निघाली. माहुरझरीला १९७०–७२ मध्ये घोडा सापडला, तोही डोक्यावर तांब्याचा साज ल्यालेला! मेल्यावरही घोडा सोबत हवा, असे ते लोक. आमच्या पुस्तकात मात्र त्यांना एक ओळ नाही.

काही वर्तुळांतले धोंडे गेलेले दिसले. आमच्या जुन्या घराच्या जोत्यातही असलेच काळे, गोल धोंडे आहेत. ते कोठून आणले, हे आजोबांना विचारायचे राहूनच गेले.