लोफर कुणाला म्हणायचं?

मराठीत ‘लोफर’ म्हणजे शिवीच. कामधंदा नाही, दिवसभर गावभर हुंदडतो, तो लोफर. त्याच नावाचा बिनलेसचा बूट मात्र ऑफिसात रुबाबात चालतो. मला या शब्दाच्या इतिहासात सगळ्यात जास्त धक्का बसला तो एका गोष्टीचा. इंग्रजांच्या काळात इथल्या सरकारला ज्या लोफरांची लाज वाटायची, ते गोरे होते!

शब्द रूढ झाला अमेरिकेत, १८३०च्या दशकात. मुलुखभर फिरणाऱ्यासाठी जर्मनमध्ये ‘लांडलॉयफर’ हा शब्द आहे, त्याच्याशी याचं नातं सांगतात. वॉल्ट व्हिटमनने १८५५मध्ये आपल्या कवितेत हे निवांत रेंगाळणं अभिमानाने मिरवलं. भारतात मात्र शब्दाचा नूर पालटला. फौजेतून सुटलेले शिपाई, जहाज सोडलेले खलाशी, काम गेलेले रेल्वे कामगार, ऑस्ट्रेलियातून घोड्यांसोबत आलेले मोतद्दार असे कितीतरी गरीब गोरे गावोगाव हात पसरत फिरू लागले. किपलिंगच्या १८८८मधल्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ या कथेतले दोन नायक याच जातकुळीतले.

साहेबच भीक मागताना दिसला, तर साहेबाचा दरारा कसा टिकणार? म्हणून १८६९मध्ये आणि पुन्हा १८७४मध्ये खास युरोपीय भटक्यांसाठी कायदा झाला. पोटापाण्याचं साधन दिसत नसताना फिरणाऱ्या गोऱ्याला वर्कहाउसमध्ये ठेवायचं, काम शोधून द्यायचं आणि तेही जमलं नाही तर सरकारी खर्चाने बोटीत बसवून देशाबाहेर धाडायचं.

आता मधलं वर्ष बघा. १८७१मध्ये त्याच सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ आणला. इथे बोटीचं तिकीट वगैरे काही नव्हतं. अख्ख्या जमातीच गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत होत्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात अशा जमातींना डांबलेली वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हे नाव तिथे अजून ऐकू येतं. गोरा लोफर परिस्थितीने भटका ठरला, आपल्याकडचा माणूस जन्माने. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

पण कायद्यातली भाषा चिवट असते. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात ‘उदरनिर्वाहाचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणं’ हेही भिकेच्या व्याख्येत आलं. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची सोय त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरतीच.

आपण हरिश्चंद्रगडावर जातो, फोटो टाकतो, खाली ‘भटकंती’ लिहितो. शब्द किती गोड वाटतो! त्याच धातूतून आलेला ‘भटका’ हा शब्द ज्यांच्या जातीच्या दाखल्याला चिकटला आहे, त्यांना आजही गावात पाल ठोकताना नाव, गाव, धंदा सांगावा लागतो. पाठीवर सॅक असली की आपल्याला कुणी विचारत नाही. फिरणं दोघांचंही तेच. म्हणून पुढच्या वेळी कुणाला लोफर म्हणण्याआधी मी एवढंच बघणार आहे, की त्याचं फिरणं मला खुपतंय की त्याची गरिबी.