नळदुर्गचे पाणी आणि रविवारची सुट्टी



वैशाखाच्या या उकाड्यात मी धबधब्यावर बोलणार हे कळल्यावर काही मित्रांनी माझी थट्टा केली. युनियनच्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, फंडावर बोलावे. धबधबा हा कवींचा प्रांत, असे त्यांचे म्हणणे. मी एवढेच म्हणालो की धबधब्यालाही मजुरीचा इतिहास असतो. आपल्या शेजारी तर असा एक धबधबा आहे की मजुरी वगळली तर त्याचा इतिहास उरतच नाही.

सोलापूर हा सपाट मुलूख. खाली काळा पाषाण, वर काळी माती, आणि पाऊस बेताचा. नदी कड्यावरून उडी घेताना पाहावयाची तर येडशीच्या रामलिंगाकडे, बालाघाटाच्या डोंगरात जावे लागते. आमच्याकडचे पाणी बहुतेक माणसाने अडविलेले. सिद्धरामेश्वरांचा तलाव गावात आहे. हिप्परग्याचा एकरूख तलाव आदिला नदीवर बांध घालून 1871 साली पुरा झाला. अशा मुलखात लोकांनी धबधबासुद्धा बांधून काढला, यात नवल ते काय?

हैदराबादच्या रस्त्याने सुमारे 45 किलोमीटर गेले की धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग लागते. तेथे किल्ला एका बाजूला आणि रणमंडळ नावाची तटबंदीची टेकडी दुसऱ्या बाजूला; मधून बोरी नदी वाहते. या दोहोंना जोडणारा एक भक्कम दगडी बंधारा नदीच्या पात्रात घातलेला आहे. त्याची उंची सुमारे 90 फूट. हेतू उघड आहे : किल्ल्याला पिण्यास पाणी मिळावे, शत्रूला पाणी आडवे यावे आणि दोन्ही तटांत जा-ये राहावी. पुराचे जादा पाणी सोडण्यासाठी दोन सांडवे ठेवले. त्या सांडव्यांतून कोसळणारे पाणी म्हणजेच लोक ज्यांना नर आणि मादी म्हणतात ते दोन धबधबे.

आता खरी गंमत पुढे आहे. बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल आहे. पायऱ्या उतरून त्या पाणीमहालात जावे, झरोक्याशी उभे राहावे, आणि समोर पाण्याचा पडदा कोसळत असताना आपण कोरडेच्या कोरडे. बाहेर प्रलय आणि आत बैठक! विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, हिजरी 1022 म्हणजे इसवी सन 1613 मध्ये, हे काम झाले असे तेथला फारसी शिलालेख सांगतो. मीर महंमद इमादीन हे बांधणाऱ्याचे नावही त्यात आहे. हा बादशहा गाण्याचा मोठा शौकीन होता. पाण्याच्या गजराचीही त्याच्या पदरच्या माणसांनी अशी सोय लावावी, हे त्या दरबाराला शोभणारेच.

मीर इमादीनबद्दल मला आदर आहे. ज्याने पुराच्या माऱ्यात उभा राहणारा बंधारा आखला आणि त्याच्या आत खोली ठेवून तो दुबळा होऊ दिला नाही, तो साधा मनुष्य नव्हे. चारशे वर्षे बोरीने त्याची परीक्षा घेतली आहे. पण दगड त्याने एकट्याने वाहिले नाहीत. खाणीतून ते किती हातांनी फोडले, चुना किती बायकांनी वाहिला, रोज काय मिळाला, वेठ किती होती, यातले एक अक्षर त्या शिलालेखात नाही. त्यात त्या लेखाचा विशेष दोष आहे असेही नाही. कोनशिलांची ती रीत आजतागायत चालू आहे.

नळदुर्गच्या लढायांचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून तो मी दोन वाक्यांत आटोपतो. बहामनी, आदिलशाही, 1686 नंतर मोगल आणि मग निजाम असे धनी झाले. 13 सप्टेंबर 1948 रोजी पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा सोलापूरहून निघालेल्या फौजेची पहिली मोठी गाठ येथेच पडली, बोरीवरचा पूल शाबूत हाती आला, आणि त्या दिवशी धारातीर्थी पडलेल्या हवालदार बचित्तर सिंगांना पुढे अशोकचक्र मिळाले. मधल्या काळात, 1853 साली निजामाने हा जिल्हा इंग्रजांकडे दिल्यावर, कर्नल मेडोज टेलर येथे कारभारी होऊन राहिला. ठगाची कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर. 1877 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गच्या मुक्कामाची हकीकत आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटाने केले. त्या कपाटात रॉबर्ट ओवेनवर एक जीर्ण पुस्तक होते. कामगार चळवळीचा हा आद्य पुरुष स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्कची सूतगिरणी चालवीत असे, हे वाचताना मला अचानक नळदुर्ग आठवले. कारण ती गिरणी एका धबधब्याच्या पायथ्याशी होती.

क्लाइड नदीचे तेथे एकामागून एक धबधबे आहेत. सर्वांत मोठा कोरा लिन, सुमारे 84 फुटांचा. 1708 साली एका जमीनदाराने त्याच्यासमोर एक दुमजली सज्जा बांधला आणि आत आरसे बसविले. पाणी आपल्याच अंगावर कोसळत आहे असा पाहुण्यांना भास व्हावा म्हणून! आमचा पाणीमहाल त्याहून 95 वर्षांनी वडील, आणि त्याला आरशांची गरज पडली नाही. पुढे वर्ड्‌स्वर्थसारखे कवी आणि टर्नरसारखे चित्रकार ते पाणी पाहण्यास गेले. त्याच पाण्याचा एक फाटा खडकातून बोगदा खणून खाली नेला होता, आणि 1786 पासून त्यावर डेव्हिड डेलच्या गिरणीची चाके फिरत होती. 1800 साली ओवेनने कारभार हाती घेतला तेव्हा तेथे अनाथालयांतून आणलेली सुमारे 500 मुले कामावर होती. वर टेकडीवर पाहुणे आरशात धबधबा पाहत आहेत आणि खाली तेच पाणी लहान मुलांकडून सूत काढून घेत आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ओवेनने दहा वर्षांखालची मुले कामावर घेणे बंद केले, तास कमी केले, 1816 साली शाळा काढली. ती गिरणी 1968 साली बंद पडली. क्लाइडचे पुष्कळसे पाणी 1927 पासून वीज करण्यासाठी नळांतून जाते, आणि धबधबा पुऱ्या जोमाने वाहताना पाहण्यास वर्षातले ठराविक दिवस किंवा मोठा पाऊस गाठावा लागतो. नळदुर्गलाही तेच. वरच्या अंगाला बोरीवर नवे धरण झाले आहे. ते भरून सांडले तरच नर-मादी जागे होतात.

पण धबधबा वाहत असला तरी तो पाहावयास जाणार कोण? ज्याला सुट्टी आहे तो. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिली. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा झाली, तीत स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवार मान्य केला आणि 1891 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी साऱ्या हिंदुस्थानातील कारखान्यांना लागू झाली. माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत साचे चालवीत. श्रावणातल्या एका रविवारी त्यांनी मला एस.टी.ने नळदुर्गला नेले. पाणीमहालात ते बराच वेळ झरोक्याला हात लावून उभे होते. साचेखात्यातील आवाजाने त्यांना कमी ऐकू येई. ते म्हणाले, "हा आवाज मला ऐकू येतो रे!" बाकी ते फारसे बोलले नाहीत. त्या रविवारचे श्रेय लोखंड्यांचे, हे मला वीस वर्षांनी कळले.

आता गिरण्या गेल्या. माझे काम विडी वळणाऱ्या बायकांत आहे. 1966 च्या कायद्याने विडी कारखान्याला आठवड्यातला एक बंद दिवस ठरवून दिला. पण मांडीवर सूप घेऊन घरी वळणारीला बंद दिवस कसला? हजार विड्यांचा दर. वळल्या तर पैसे, नाही तर खाडा. एका भाद्रपदात आम्ही वर्गणी काढून चाळीसेक जणींना नळदुर्गला नेले. अर्ध्या जणी पहिल्यांदाच सोलापूरबाहेर फिरण्यासाठी निघालेल्या. एरवी बाहेर पडणे म्हणजे लग्न, मयत, नाही तर देव. पाणीमहालात सगळ्या गप्प झाल्या. मग एक पोक्त बाई भिंत चाचपून म्हणाली, "अण्णा, ऊन नाही, पाऊस नाही, गारवा आहे. विड्या वळायला झकास जागा बघा!" सगळ्या हसल्या, मीही हसलो. परतीच्या गाडीत मात्र मला ते हसू लागून राहिले. चारशे वर्षांपूर्वी ज्या जागी बादशहाच्या विसाव्याची सोय झाली, तेथे उभे राहूनही तिला कामच सुचले होते.

ती बाई अजून वळते. भाद्रपद लागला की कचेरीच्या दारात येऊन उभी राहते आणि आधी फंडाच्या कागदाचे विचारते. मग जाता जाता म्हणते, "बोरीचं धरण भरलं का, अण्णा?"