गॅरेजमध्ये म्युझिक स्टुडिओ करायचाय? भिंतीला फोम चिकटवण्याआधी हे समजून घ्या

अमेरिकेतल्या ‘फू फायटर्स’ या रॉक बँडचा ‘वेस्टिंग लाइट’ हा अल्बम २०११ साली आला. तो रेकॉर्ड झाला होता बँडचा प्रमुख डेव्ह ग्रोल याच्या कॅलिफोर्नियातल्या घराच्या गॅरेजमध्ये. पुढच्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आता लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि एक बरा माइक एवढ्यावर घरी रेकॉर्डिंग करता येतं. त्यामुळे बंगला किंवा रो-हाउस असलेल्या अनेकांची नजर गॅरेजकडे वळते. अर्ध्या भागात स्कूटर आणि सामान, अर्ध्या भागात स्टुडिओ, असा हा विचार असतो. पण यात पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा एकाच गैरसमजामुळे.

आवाज अडवणं वेगळं, आवाज सुधारणं वेगळं

स्टुडिओच्या फोटोंमध्ये भिंतीवर करड्या रंगाचा खाचाखाचांचा फोम दिसतो. तो लावला की आवाज बाहेर जाणार नाही, असं अनेकांना वाटतं. काही जण अंड्यांचे ट्रेही चिकटवतात. दोन्हींनी शेजाऱ्यांना काहीच फरक पडत नाही.

फोमचं काम खोलीतल्या आवाजाचे प्रतिध्वनी कमी करण्याचं. आवाज बाहेर जाऊ न देण्याचं काम करतं ते वजन. भिंत जितकी जड, तितका आवाज कमी पार होतो. नऊ इंची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली विटांची भिंत साधारण ५० डेसिबल आवाज अडवते. फोम हलका आणि सच्छिद्र असतो, तो जवळपास काहीच अडवत नाही. अंड्यांचे ट्रे तर आगीला निमंत्रण.

म्हणजे भिंती चांगल्या असल्या की झालं? नाही. आवाज पाण्यासारखा फटीतून वाट काढतो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर भिंत कितीही भक्कम असो, एकूण २० डेसिबलच्या आसपासच आवाज अडतो. गॅरेजचं पत्र्याचं रोलिंग शटर पातळही असतं आणि त्याच्या चारही बाजूंना फटीही असतात. म्हणून पहिला खर्च शटरच्या बाजूला करायचा. शटर तसंच ठेवून आत नवी, हवाबंद भिंत उभी करणं हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. तिला भरीव लाकडाचं जड दार, चौकटीला रबरी पट्टी आणि दाराखालची फट बंद करणारी सोय हवी.

ड्रम वाजवायचे असतील तर?

ड्रम सेटजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. त्यासाठी ‘खोलीत खोली’ बांधावी लागते. जुन्या भिंतीपासून थोडं अंतर सोडून वेगळा सांगाडा, त्यावर जिप्सम बोर्डचे दोन थर, मधल्या पोकळीत रॉकवूल आणि जमिनीवर रबरी थरावर तरंगती फ्लोअरिंग. दोन खोल्या एकमेकींना टेकत नाहीत, त्यामुळे कंप बाहेर पोहोचत नाही. पण यात प्रत्येक बाजूने चार-सहा इंच जागा जाते. फक्त गाणं, तबला किंवा अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायची असेल, तर इतका घाट घालायची गरज बहुधा पडत नाही.

भिंत नेमकी कुठे घालायची?

समजा गॅरेज २० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. बरोबर मधोमध भिंत घातली, तर १० बाय १० बाय १० फुटांची खोली तयार होते. दिसायला नीटनेटकी, ऐकायला सगळ्यात वाईट.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येचा सूर घुमतो. १० फुटांसाठी ती साधारण ५६ हर्ट्झ येते. तिन्ही मापं सारखी असली, की तिन्ही दिशांना तोच सूर घुमतो. बास गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झला वाजते. म्हणजे ती तार छेडली की खोली दणाणणार आणि शेजारचा सूर मात्र दबलेला वाटणार. तीच भिंत १२ फुटांवर घेतली, तर लांबीचा सूर ४७ हर्ट्झवर जातो आणि हा ढीग थोडा विखुरतो. स्कूटरला ८ फूट उरतातच.

त्यानंतर येतं ध्वनिशोषण. दोन इंची पॅनल गायकाच्या आवाजाला पुरतात. बाससाठी कोपऱ्यांत चार ते सहा इंच जाडीचं, कापडात गुंडाळलेलं रॉकवूल लागतं. स्पीकर लांबीच्या दिशेने, डाव्या-उजव्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवावेत.

हवा, धूर आणि ओल

हवाबंद खोलीत माणसाला श्वासही घ्यायचा असतो. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही. त्यासाठी आतून ध्वनिशोषक अस्तर असलेला, वळणं घेत जाणारा डक्ट आणि कमी आवाजाचा पंखा लागतो.

डक्टचं तोंड गाडीच्या बाजूला कधीच ठेवू नये. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. गाडी गॅरेजमध्येच राहणार असेल, तर स्टुडिओत कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवावाच.

दुसरा शत्रू पावसाळा. ओल असलेल्या भिंतीवर जिप्सम बोर्ड ठोकला की आत बुरशी धरते आणि ती वर्षभर कळतही नाही. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, हार्मोनियमचे सूर गंजतात. त्यामुळे आधी वॉटरप्रूफिंग करून एक पावसाळा जाऊ द्यावा आणि भिंत कोरडी राहिली तरच पुढचं काम काढावं.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या वाद्यांचा किंवा साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी मुद्दा आणखी वेगळा आहे. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामायिक जागा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे ‘माझी पार्किंगची जागा’ म्हणून तिथे भिंत घालता येत नाही. स्वतःच्या बंगल्यातलं गॅरेजही मंजूर नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेलं असतं. वापर बदलण्याआधी आर्किटेक्टमार्फत महापालिकेकडे किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडे चौकशी करणं शहाणपणाचं.

सुरुवात कुठून करावी?

एका फुकटच्या चाचणीपासून. संध्याकाळी गॅरेज बंद करून आत स्पीकरवर, प्रत्यक्ष वाजवणार तेवढ्याच आवाजात गाणं लावावं आणि शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या बाजूला उभं राहून ऐकावं. मोबाइलमधलं डेसिबल मोजणारं अॅप अचूक नसतं, पण अंदाज देतं. तिथे फक्त बासचा धमधमाट येत असेल, तर प्रश्न वजनाचा आहे. शब्दही स्पष्ट ऐकू येत असतील, तर आधी फटी शोधाव्यात. त्या बुजवायला सिलंट आणि रबरी पट्टी लागते, आणि स्टुडिओच्या अख्ख्या यादीत यापेक्षा स्वस्त काहीच नसतं.