सागाच्या मुलखातला कारभार

दिवाळी आली की घरोघरी झोपाळे पुसले जातात, चौरंग धुतले जातात, दाराच्या चौकटीला तोरण चढते. ती चौकट जुनी असेल आणि घर नागपूर-वऱ्हाडाकडचे असेल, तर तिचे लाकूड आलापल्लीच्या रानातून आलेले असण्याचा संभव पुष्कळ. लाकडाच्या व्यापाऱ्याजवळ आलापल्लीचे नुसते नाव काढावे, तो भाव वाढवूनच बोलू लागतो! परंतु आलापल्ली हे काही नुसत्या सागाचे नाव नव्हे. ते नांदते गाव आहे. आष्टीकडून येणारा रस्ता, सिरोंच्याला जाणारा रस्ता, भामरागडची आणि एटापल्लीची वाट, हे सारे येथे एकत्र येतात. वनखात्याच्या कचेऱ्या, लाकडाचे आगार, कापणीची गिरणी, बाजारपेठ, असा सगळा थाट शहराचा. अहेरी तर अगदी शेजारी. पण २०१५ साली अहेरीला नगरपंचायत मिळाली आणि आलापल्ली ग्रामपंचायतच राहिली. दोन शेजारणींच्या घरी दोन तऱ्हेचे राज्य आले. हा फरक वरवर पाहता पाटी बदलण्याएवढा. पण त्याच्या पोटात दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

इंग्रजी अमलात या भागाला धनी दोन. जमीन अहेरीच्या आत्राम घराण्याच्या जमीनदारीत; चांदा जिल्ह्यातली ही सर्वांत मोठी जमीनदारी. आणि सागावर डोळा जंगलखात्याचा. १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनी झाडाला सरकारी मालक दिला, तेव्हापासून सरपण, चराई, मोहफुले, घराला लागणारी बल्ली यांसाठी रयतेला नाकेदाराचे तोंड पाहावे लागले. वऱ्हाड-मध्यप्रांतात या गरजांना ‘निस्तार’ असा मोठा समर्पक शब्द होता. निस्ताराचा हक्क आहे की मेहेरबानी, हा प्रश्न मात्र कोणी रयतेला विचारला नाही. त्याआधी १८५८ मध्ये मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाक्यांनी शस्त्र उचलले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांना चांद्यास फाशी झाली. गाऱ्हाणे मांडायला दुसरी जागा नव्हती, एवढे तरी त्यावरून ध्यानी यावे.

जागा निर्माण झाली ती तटबंदीच्या चांदा शहरात. तेथे १८६७ साली म्युनिसिपालटी आली. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा ठराव निघाला, पाठोपाठ १८८३ मध्ये मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला, आणि निवडणूक हा शब्द वकील-व्यापाऱ्यांच्या ओसरीवर ऐकू येऊ लागला. स्वराज्य म्हणायचे, पण मत देणाऱ्यांची यादी घरपट्टी आणि मालमत्ता पाहून करायची, असा तो प्रकार. जंगलपट्टीशी या सोहळ्याचा संबंध फारच थोडा.

शहरच्या म्युनिसिपालटीत तरी सर्वांचे ऐकले जाई काय? याचे उत्तर याच जिल्ह्यातल्या वरोऱ्याने दिले आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुरलीधर देविदास आमटे हे तरुण वकील तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. मैला वाहणाऱ्या सफाई कामगारांनी मजुरी वाढवून मागितली. अशी मागणी आली की सभासदांची रीत ठरलेली: तिजोरीकडे बोट दाखवायचे. कामगारांचे म्हणणे साधे होते, हे काम काय असते ते करून पाहा. आमट्यांनी ते आव्हान उचलले आणि सुमारे नऊ महिने स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी वाहिली. बाबा आमटे म्हणून पुढे जग त्यांना ओळखू लागले, आनंदवन उभे राहिले, ती सारी कथा वाचकांस ठाऊक आहे. मला त्यातला नगरपालिकेचा भाग अधिक मोलाचा वाटतो. कचेरीतल्या खुर्चीला ज्याचे बोलणे ऐकू येत नाही, त्याच्या जागी जाऊन उभे राहणारा उपाध्यक्ष आपल्याकडच्या नगरपालिकांच्या इतिहासात किती वेळा सापडतो?

इकडे जंगलपट्टीत १ जुलै १९४८ पासून जनपद सभांचा प्रयोग सुरू झाला. द्वारकाप्रसाद मिश्र यांची ही योजना. जिल्हा कौन्सिले मोडून प्रत्येक तहसिलीस एक जनपद सभा द्यायची, म्हणजे कारभार माणसाच्या जवळ येईल, अशी कल्पना. अहेरी तेव्हा सिरोंचा तहसिलीत मोडे. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की ‘जवळचे’ सिरोंचाही लंकेइतके लांब! १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या. जंगल जमीनदाराकडून सरकारकडे आले, रयतेकडे नव्हे. १९५६ साली हा मुलूख मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. वसंतराव नाईक समितीची ही रचना महाराष्ट्राला फार मानवली. शाळा, दवाखाने, विहिरी खेड्यात पोचल्या ते तिच्यामुळे. पण सागाचा लिलाव कधी करायचा, बांबू कोणाला द्यायचा, कूप कोठे तोडायचा, हे प्रश्न जिल्हा परिषदेपुढे येतच नसत. आलापल्लीच्या सरपंचाला गटार बांधता येई. गाव ज्यावर जगते त्या जंगलाविषयी मात्र त्याचा शब्द एखाद्या पाहुण्याइतकाच.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांमुळे गावे आणि जंगल बुडणार म्हणून ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होतेच. या आंदोलनाची खरी फलश्रुती दिसली ती आलापल्लीपासून बरीच दूर, जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा या छोट्या गोंड गावात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने मेंढ्याच्या लोकांनी बहुमताचा नाद सोडला आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. एकाचे जरी मन वळले नाही तरी पुन्हा बसायचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. कागदाच्या गिरणीला बांबू देण्यास त्यांनी हरकत घेतली तेव्हा पुष्कळांना ती गंमत वाटली होती. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले, २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती ठेवले. ज्या परवान्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या नाकेदारापुढे उभे राहिले, तो आता गाव लिहिणार!

कायद्याची वाट यापूर्वीच मोकळी झाली होती. १९९६ च्या डिसेंबरात अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठी केंद्राने ‘पेसा’ कायदा केला. अहेरी तालुका त्या क्षेत्रात येतो. भूसंपादनापूर्वी सल्ला, गौण वनोपजाची मालकी, दारूदुकानावर नियंत्रण, विकासाच्या योजनांना मंजुरी, हे अधिकार त्याने ग्रामसभेच्या वा पंचायतीच्या पदरात टाकले. २०१४ मध्ये महाराष्ट्राचे नियम आले. एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागण्याची सोयही त्यांत होती.

आणि लगेच २०१५ साली तालुक्याची ठाणी नगरपंचायती झाली: अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, चामोर्शी, धानोरा, कुरखेडा, कोरची. नगरपंचायतीत सतरा नगरसेवक असतात, मुख्याधिकारी असतो, पण पेसाची ग्रामसभा नसते. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांना. त्याहून मोठी गोष्ट अशी की, घटनेच्या २४३ झेडसी कलमानुसार नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही; संसदेने तसा कायदा करावा लागतो. तो मसुदा २००१ साली राज्यसभेत आला आणि तेथेच राहिला. म्हणजे गावाची ग्रामसभा गेली, आणि शहराची सभा कशी असावी हे कोणी ठरवलेच नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नगरपंचायतीमुळे नळ, दिवे, रस्ते यांना निधी मिळतो. दुकानदाराला आणि नोकरदाराला तो हवा असतो, व त्यात गैर काही नाही. शिवाय बाजाराच्या मोठ्या गावात ग्रामसभा म्हणजे मेंढ्याची बैठक नव्हे. हजारोंच्या वस्तीत शंभर माणसे जमली की कायद्याने गणपूर्ती होते, आणि तेवढी जमवायलाही शिपायाला घरोघर फिरावे लागते. जंगलावर पोट असणारा पाड्यावरचा माडिया आणि चौकातला कापडवाला यांचे प्रश्नच निराळे. भांडण होणारच, ते एका छपराखाली व्हावे एवढाच काय तो ग्रामसभेचा उपयोग. छप्पर काढून घेतल्यावर भांडण रस्त्यावर येते.

आलापल्लीत ते अक्षरशः रस्त्यावर आले. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखाणीचे ट्रक याच वाटेने धावू लागले, आणि धूळ, खड्डे, अपघात यांवरून लोकांचे मोर्चे निघू लागले. खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी ठेवली गेली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये, शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीत. ती आमच्या गावाजवळ घ्या, ही मागणी तेव्हा जोराने झाली होती.

उद्या आलापल्लीलाही नगरपंचायत द्यावयाची ठरली, तर त्यासाठी ग्रामसभेचे मत घेणे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याला आवश्यक वाटत नाही. सरकार उद्घोषणा काढते आणि हरकतींना किमान तीस दिवस देते. हरकत लेखी द्यायची असते. आलापल्लीच्या बाजारात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली या भाषा रोज कानी पडतात. कचेरीत हरकत द्यायची ती मराठीत.