रुंद स्कीची परतवाट

नॉर्वेतल्या दिगेरवार्देन डोंगरावरचा जुना बर्फ वितळू लागला आणि 2014 मध्ये त्यातून लाकडाची एक स्की बाहेर आली. तिची जोडीदार 2021 मध्ये तिथून काही पावलांवर सापडली. सुमारे 1300 वर्षं बर्फाने ही जोडी सांभाळली होती. पाय बांधायचा चामड्याचा पट्टा आणि डहाळ्यांचे पीळसुद्धा शिल्लक होते. दुसऱ्या स्कीची लांबी 187 सेंटीमीटर आणि रुंदी 17. स्वीडनमधली काल्वत्रेस्कची स्की तर 5000 वर्षांपूर्वीची, तीही पंधराएक सेंटीमीटर रुंद. याउलट 1980 च्या दशकात आल्प्समधल्या दुकानांत मिळणारी स्की पायाखाली जेमतेम साडेसहा सेंटीमीटर असे. म्हणून आजच्या 11-12 सेंटीमीटरच्या स्कीकडे नवी टूम म्हणून पाहणं मला पटत नाही. मधली अरुंद स्की हाच खरा अपवाद होता.

चीन आणि मंगोलियाच्या सीमेवरच्या अल्ताई पर्वतात तुवा लोक आजही हाताने घडवलेल्या रुंद स्कीवरून बर्फातल्या वाटा तुडवतात. तळाला घोड्याचं कातडं, केस मागच्या दिशेला वळलेले. त्यामुळे चढताना पकड मिळते आणि उतरताना घसरण. ज्याला कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातून रोज जायचं आहे, त्याला रुंदीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. अंगाचं वजन जितक्या जास्त जागेवर पसरेल तितका पाय कमी रुततो.

मग स्की अरुंद का झाली? नॉर्वेच्या टेलेमार्कमधल्या सोंद्रे नॉरहाइमने 19व्या शतकात तिला कंबर दिली, म्हणजे टोक आणि शेपूट रुंद ठेवून मधला भाग निमुळता केला. या डमरूसारख्या आकारामुळे स्की कडेवर झुकली की आपोआप वळू लागते. 1920 च्या दशकात साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने लाकडाच्या कडांना पोलादी पट्ट्या बसवल्या, तेव्हा ती टणक बर्फालाही धरू लागली. पुढे शर्यती वाढल्या, स्कीयरांना वर नेणारे पाळणे आले, आणि उतार दाबून सपाट करायची यंत्रं आली. कोलोरॅडोतल्या विंटर पार्कमध्ये स्टीव्ह ब्रॅडलीने 1950 च्या दशकात असं यंत्र केलं. दाबलेल्या उतारावर सगळं काम कडेचं असतं. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झटकन जायला अरुंद स्कीच बरी. कारखान्यांनी शर्यतवाल्यांचं ऐकलं. खोल बर्फात जाणाऱ्याने दोन मीटर लांबीच्या त्याच पट्ट्यांवर तोल सांभाळावा, असा शिरस्ता पडला.

तो मोडला एका करवतीने. 1988 च्या सुमारास अटॉमिक या ऑस्ट्रियन कंपनीतल्या रुपर्ट ह्यूबरने एक स्नोबोर्ड उभा चिरून त्याच्या दोन स्की केल्या, असं सांगितलं जातं. त्यातून आलेली ‘पावडर प्लस’ साधारण 11 सेंटीमीटर रुंद होती. लोक तिला ‘फॅट बॉय’ म्हणू लागले. पट्टीच्या स्कीयरांनी नाकं मुरडली, ही फसवाफसवी आहे म्हणाले. तिला आसरा मिळाला कॅनडात. ब्रिटिश कोलंबियाच्या बुगाबू पर्वतात हान्स ग्मोझरने 1965 मध्ये हेलिकॉप्टरने स्कीयर वर नेण्याचा धंदा सुरू केला होता. त्याच्यासारख्यांच्या गिऱ्हाइकांत पन्नाशी ओलांडलेले पुष्कळ. दुपारपर्यंत त्यांच्या मांड्या भरून येत. रुंद स्कीवर तीच माणसं संध्याकाळपर्यंत टिकू लागली. मला यात फसवणूक दिसत नाही.

तरीही तोवर बदलली होती फक्त रुंदी. आकार डमरूचाच, आणि मध्यभाग वर उचललेला, ज्याला कॅम्बर म्हणतात. त्याला हात घातला शेन मॅककॉन्कीने. कॅलिफोर्नियातल्या स्क्वॉ व्हॅलीचा हा अचाट स्कीयर. 1996 मध्ये अर्जेंटिनाच्या एका बारमध्ये त्याने कागदी रुमालावर उलटी स्की काढली: मध्ये सर्वांत रुंद, टोकाकडे आणि शेपटीकडे निमुळती, दोन्ही टोकं वर वळलेली. त्याचा युक्तिवाद सरळ होता. भुसभुशीत बर्फ पाण्यासारखा वागतो, मग पाण्यावरच्या पट्ट्यांचा आकार का घेऊ नये? 2001 मध्ये त्याने चक्क वॉटर स्कीवर बूट अडकवायचे बाइंडिंग ठोकले आणि अलास्काचे उतार उतरून दाखवले. अभियंता पीटर टर्नरच्या मदतीने व्होलांट कंपनीने त्यातून ‘स्पॅट्युला’ काढली: टोक 115, मध्य 125, शेपूट 115 मिलिमीटर.

तिचा मोठा गुण तरंगण्याच्या पुढचा होता. डमरूच्या आकाराची स्की खोल बर्फात आडवी करायला गेलं की तिची रुंद टोकं अडकतात. स्पॅट्युला आडवी सरकत असे. सुळकेदार, उभ्या पर्वतावर वेग हवा तेव्हा कमी करता येतो, ही सोय तिने दिली. मोठ्या पर्वतांवरचं आजचं स्कीइंग त्यावर उभं आहे. टणक बर्फावर मात्र ती कुचकामी, हे मॅककॉन्कीला ठाऊक होतं. स्कीबरोबर द्यायची सूचनापुस्तिका त्याने स्वतः लिहिली. 2009 मध्ये इटलीच्या डोलोमाइट पर्वतात स्कीवरून कड्याखाली घेतलेल्या उडीत तो गेला. तोवर वर वळलेलं टोक, म्हणजे रॉकर, बऱ्याच कारखान्यांत पोचलं होतं.

भुसभुशीत बर्फासाठीची आजची बहुतेक स्की, म्हणजे पावडर स्की, ही तडजोड आहे: टोकांना रॉकर, पायाखाली थोडा कॅम्बर, थोडी कंबर. ती योग्यच आहे, कारण खोल बर्फाकडे जायची वाटसुद्धा अनेकदा टणक असते. तिथे रुंद स्कीची कड पावलाच्या मध्यापासून दूर पडते आणि ती रोवायचा भार घोट्यावर, गुडघ्यावर येतो. म्हणून बहुतेक दिवस दाबलेल्या उतारावर जाणार असतील तर 85 ते 95 मिलिमीटर पुरे. निम्मा वेळ त्याबाहेरच्या न दाबलेल्या बर्फात जाणार असेल तर 100 ते 110. त्यापुढची रुंदी ताज्या, खोल बर्फाच्या दिवसांसाठी. रॉकरमुळे टणक बर्फाला टेकणारी कड आखूड होते, त्यामुळे अशी स्की नेहमीपेक्षा थोडी लांब घ्यावी.

आपल्याकडे हा प्रश्न गुलमर्गला पडतो. तिथल्या गोंडोलाचा दुसरा टप्पा 2005 पासून अफरवटच्या खांद्यावर, जवळपास 3950 मीटरवर नेऊन सोडतो, आणि तिथून पुढे बहुतेक सगळा बर्फ न दाबलेला. खालच्या कुरणात पहिल्यांदा शिकणाऱ्याने कोणी 115 ची स्की हाती दिली तर ती परत करावी. वर जाणाऱ्याने ती जरूर घ्यावी, पण एवढं ध्यानात ठेवून, की ती बुडू देत नाही, हिमस्खलन मात्र थांबवत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये याच अफरवटवर पोलंडचे दोन स्कीयर हिमस्खलनात गेले. त्या दिवसाचा इशारा वाचा, ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) ही तिन्ही सोबत घ्या, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय गस्तीच्या हद्दीपलीकडे जाऊ नका.